शेवटचा हात

जुने इंजिन बिघडते तेव्हा दोष बहुधा काळाचा असतो. झिजलेले बेअरिंग, करपलेली झडप, ताठरून तडकलेली रबरी नळी, अशा प्रत्येक बिघाडामागे वापर, धूळ, उष्णता आणि धावलेले मैल उभे असतात. त्याचे उत्तरदायित्व कोणा एका माणसाच्या पदरात टाकता येत नाही. पण पूर्ण उघडून, धुऊन, घासून, नवे भाग बसवून पुन्हा बांधलेले इंजिन जेव्हा सुरू होत नाही, तेव्हा काळाची या प्रकरणातून मुक्तता करावी लागते. काळाला त्या इंजिनाला स्पर्श करण्याची सवडही अजून मिळालेली नसते. त्यात जो काही दोष असेल तो माणसाच्या हाताने आत ठेवलेला असतो, आणि तो हात फार दूरचा नसतो. गॅरेजातला जुना मिस्त्री बंद पडलेल्या गाडीपाशी आला की पान्याला हात घालण्याआधी एक प्रश्न विचारतो : हिला शेवटचा हात कोणाचा लागला? या प्रश्नात कुतूहल नसते आणि आरोपही नसतो. निदानाची ती पहिली पायरी असते. कारण जे कालपर्यंत चालत होते आणि आज चालत नाही, त्यात कालपासून आजपर्यंत काय बदलले, एवढेच शोधायचे असते.

इंग्लंडमध्ये, ऑक्सफर्डपासून फारशा दूर नसलेल्या एका गावी, हा प्रश्न एका निवृत्त गृहस्थापुढे अशा रीतीने उभा राहिला की विचारणारा आणि उत्तर देणारा एकच होता. घराच्या कडेला असलेल्या अरुंद गॅरेजात दोन हिवाळे खर्चून त्याने आपल्या जुन्या एमजीबी मोटारीचे इंजिन बांधले होते. सिलिंडर कातणे, क्रँकशाफ्ट घासणे आणि झडपांच्या बैठका बदलणे एवढी कामे बाहेरच्या यंत्रशाळेतून करून घेतली होती. उरलेले सारे, शेवटच्या वॉशरपर्यंत, त्याच्या हातचे होते. वयाची सत्तरी त्याने ओलांडली होती. अलीकडे ओळखीच्या माणसांची नावे ऐनवेळी आठवत नसत. दाराला कुलूप घातले की नाही हे परत जाऊन पाहावे लागे. म्हणून इंजिन बांधताना प्रत्येक बोल्ट आवळून झाला की त्याच्या माथ्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका देण्याची शिस्त त्याने स्वतःला लावून घेतली होती. बोल्टाला त्या ठिपक्याची गरज नव्हती. इंजिन सुरू झाले नाही तेव्हा त्याला जी भीती वाटली ती वाया गेलेल्या पैशांची किंवा शेजाऱ्यांच्या हसण्याची नव्हती. जे केल्याचे आपल्याला स्वच्छ आठवते ते आपण खरोखर केले आहे काय, अशी ती शंका होती. आणि ही शंका एकदा मोटारीच्या बाबतीत खरी ठरली असती, तर ती मोटारीपाशी थांबणारी नव्हती.

एमजी ही अक्षरे ‘मॉरिस गॅरेजेस’ या ऑक्सफर्डमधील व्यवसायाच्या नावातून आली. विल्यम मॉरिस याच्या त्या व्यवसायाचा व्यवस्थापक सेसिल किंबर याने १९२० च्या दशकात साध्या मॉरिस गाड्यांच्या सांगाड्यांवर हलकी, देखणी शरीरे चढवून वेगाची हौस भागवणाऱ्या गाड्या घडवल्या. १९२९ मध्ये या उद्योगाने थेम्सकाठच्या अॅबिंग्डन गावी, एका चामड्याच्या कारखान्याच्या जागेत, आपले बस्तान बसवले. १९६२ मध्ये आलेली एमजीबी तेथून ऑक्टोबर १९८० पर्यंत, म्हणजे तो कारखाना बंद होईपर्यंत, बाहेर पडत राहिली. पाच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या. बसकी, दोन माणसांची, उघड्या छपराची ही गाडी दिसायला राजघराण्यातली वाटते. पण तिचे काळीज मध्यमवर्गीय आहे. तिचे १७९८ सीसीचे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी’ मालिकेतले, म्हणजे कुटुंबवत्सल सलून गाड्यांना बसवल्या जाणाऱ्या इंजिनांच्याच कुळातले. ८०.२६ मिलिमीटर व्यासाचे चार सिलिंडर, ८८.९ मिलिमीटरची दट्ट्याची धाव, ओतीव लोखंडाचा ठोकळा, त्याच्या कुशीत खाली बसवलेला कॅमशाफ्ट, आणि दांड्या व रॉकर यांच्या मार्फत हलणाऱ्या आठ झडपा, असा हा साधा संसार.

भारतीय वाचकाला हे वर्णन परके वाटू नये. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या आवृत्तीवरून घडवलेली अॅम्बॅसडर २०१४ पर्यंत तयार होत होती, आणि तिच्यात अनेक वर्षे याच मालिकेचे १४८९ सीसीचे इंजिन होते. ज्या मिस्त्रींनी आयुष्यभर अॅम्बॅसडरचे टॅपेट लावले, तिच्या डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट घासले आणि १-३-४-२ हा ज्वलनक्रम पाढ्यासारखा पाठ केला, त्यांच्यापुढे एमजीबीचे बॉनेट उघडले असते तर घरातलेच कोणी परदेशात निराळ्या पोशाखात भेटावे तसे त्यांना वाटले असते. इंजिनांची नाती अशी देशांच्या सीमा ओलांडून जातात, आणि त्यांच्या आजारांचीही.

नव्याने बांधलेल्या इंजिनाच्या बाबतीत ‘पुन्हा एकदा प्रयत्न करून पाहू’ हे वाक्य निष्पाप राहत नाही, ही गोष्ट बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. या इंजिनात कॅमशाफ्टचा प्रत्येक उंचवटा एका सपाट तळाच्या टॅपेटवर घासत फिरतो. दोन्ही भाग नवे असतील तर त्यांचे पृष्ठभाग एकमेकांशी जुळून कठीण होण्याला पहिली सुमारे वीस मिनिटे निर्णायक असतात. म्हणून इंजिन सुरू होताच ते मंद गतीवर सोडायचे नसते. मिनिटाला सुमारे २००० फेऱ्यांवर ठेवायचे असते, म्हणजे क्रँकशाफ्टवरून उडणाऱ्या तेलाचे तुषार कॅमशाफ्टपर्यंत पोचतात. तोवर त्याचे रक्षण करते ते जुळणीच्या वेळी बोटाने चोपडलेले दाट वंगण. स्टार्टरने नुसते गरगर फिरवलेल्या प्रत्येक क्षणी ते वंगण थोडेथोडे पुसले जाते. चोक ओढून फिरवले तर न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचे तेल धुऊन नेते, आणि नव्या पिस्टन-रिंगा बसण्याआधीच भिंती गुळगुळीत होण्याची भीती राहते. त्यात आजची तेले पूर्वीसारखी नाहीत. धुराचे शुद्धीकरण करणाऱ्या यंत्रणेला अपाय होऊ नये म्हणून त्यांतील जस्त आणि फॉस्फरस यांची संयुगे कमी केली गेली, आणि नेमकी तीच संयुगे अशा जुन्या कॅमशाफ्टची राखण करीत. जाणकार या गाड्यांसाठी वेगळे तेल मागवतात. अर्थात, सुरू न होणाऱ्या इंजिनाला तेही पुरे पडत नाही. येथे अज्ञानाची किंमत चुकवावी लागते, तशी उतावीळपणाचीही; आणि ती किंमत लगेच दिसत नाही, काही हजार मैलांनंतर झिजलेल्या उंचवट्याच्या रूपाने दिसते.

त्या गृहस्थाने आरंभ चोख केला होता. प्लग काढून ठेवून, म्हणजे दट्ट्यांवर दाब न येऊ देता, त्याने इंजिन स्टार्टरने फिरवले. तेलाच्या दाबाचा काटा थोडा वेळ निश्चल राहिला, थरथरला आणि वर चढला. तेल सर्वत्र पोचले होते. मग त्याने प्लग बसवले, किल्ली अर्धी फिरवली आणि कान दिला. गाडीच्या मागच्या बाजूला असलेला विजेचा पेट्रोल-पंप टिकटिकू लागला, हळू होत गेला आणि थांबला. हे थांबणे शुभ असते. कार्बोरेटरच्या टाक्या भरल्या आणि कोठे गळती नाही, असे तो पंप न विचारता सांगतो. यानंतर किल्ली पूर्ण फिरवली तेव्हा इंजिन फिरले, पण पेटले नाही. दुसऱ्या खेपेस ते कार्बोरेटरातून खोकले. तिसऱ्या खेपेस मागे एक्झॉस्टच्या नळीत बार उडाल्यासारखा मोठा आवाज झाला आणि कुंपणावरची पाखरे उडाली. चौथ्यांदा त्याने किल्ली फिरवली नाही. बॅटरीची तार सोडवली, बाकावर बसला आणि वही पुढे ओढली. त्या दिवशी त्याने दाखवलेले सर्वांत मोठे कसब बहुधा हेच म्हणावे लागेल.

बिघाडाच्या प्रसंगी संशय प्रथम जातो तो कार्बोरेटरवर. तो समोर असतो, चकचकीत असतो, त्याला फिरवता येण्याजोगे स्क्रू असतात आणि तो नेमका कसा चालतो हे थोड्यांनाच कळते. या गाडीचे जोडीचे एसयू कार्बोरेटर हे स्किनर बंधूंचे अपत्य. १९१० मध्ये त्यांची कंपनी निघाली. त्यांचे घराणे पादत्राणांच्या व्यापारातले, आणि त्यांच्या आरंभीच्या कार्बोरेटरात हवेच्या ओढीसरशी फुगणारा चामड्याचा भाता असे. पुढे भात्याच्या जागी धातूचा दट्ट्या आला, पण कल्पना तीच राहिली : इंजिन जितकी हवा ओढील तितका दट्ट्या वर उचलला जावा, त्याला लावलेली निमुळती सुई तोटीतून तितकीच वर सरकावी आणि तितकेच पेट्रोल मिळावे. इतक्या सरळ वृत्तीच्या उपकरणावर नाना आळ येतात. अनुभवी माणसे सांगतात की ज्याला कार्बोरेटरचा दोष समजून लोक दिवसच्या दिवस घालवतात, तो अनेकदा ठिणगीच्या बाजूचा दोष निघतो. त्या गृहस्थालाही स्क्रूचा मोह झालाच. पण एक स्क्रू फिरवल्यावर दुसरा फिरवावासा वाटतो, मग डिस्ट्रिब्युटर थोडा सरकवावासा वाटतो, आणि तासाभराने मूळचा एक दोष चार नव्या दोषांच्या गर्दीत हरवून जातो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि तिने काही फरक पडला नाही तर ती जशी होती तशी परत ठेवावी, हा नियम ऐकायला बाळबोध आहे. तो पाळायला मात्र वैराग्य लागते.

त्याने वहीत तीन शब्द लिहिले : पेट्रोल, ठिणगी, दाब. नंतर इंजिन स्टार्टरने न फिरवता या तिघांची तपासणी केली. प्लग काढून पाहिले. चारही पेट्रोलने ओले होते. कॉइलची जाड तार लोखंडी ठोकळ्याजवळ धरून, किल्ली चालू ठेवून, डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट बोटाने उघडले. टचकन निळी ठिणगी पडली. म्हणजे कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर ठीक होते. कंडेन्सरबद्दल त्याच्या मनात खास अविश्वास होता, कारण तो कोरा होता. अशा गाड्यांसाठी आज बनणाऱ्या सुट्या भागांत डब्यातून निघतानाच निकामी असलेले भाग आढळतात, हे या छंदातल्या सर्वांना ठाऊक आहे. नवे म्हणजे निर्दोष असे गृहीत धरणारा माणूस आपल्या शोधातून एक संशयित विनाकारण वगळतो. पण येथे कंडेन्सर निरपराध निघाला. शेवटी प्लग परत बसवून, पुलीच्या नटाला पाना लावून त्याने इंजिन हाताने हळूहळू फिरवले. दोन पूर्ण फेऱ्यांत चार वेळा हाताला सारखाच विरोध जाणवला. चारही सिलिंडर दाब धरीत होते.

तिन्ही गोष्टी हजर होत्या आणि तरी इंजिन पेटत नव्हते. अशा वेळी विचाराला एक वळण घ्यावे लागते. साक्षीदार सगळे खरे बोलत असतील आणि तरी हकिगत जुळत नसेल, तर प्रत्येक गोष्ट कधी घडली ते पाहावे लागते. निकोलाउस ओटो याने १८७६ मध्ये चालवून दाखवलेले चतुराघात इंजिन म्हणजे वस्तुतः वेळापत्रकच आहे : शोषण, संपीडन, ज्वलन, उत्सर्जन. या चारांसाठी क्रँकशाफ्टला दोन फेरे घ्यावे लागतात, म्हणून प्रत्येक दट्ट्या एका आवर्तनात दोनदा माथ्यावर येतो. एकदा तो कोंडलेल्या मिश्रणाला दाबून धरीत येतो. तेव्हा ठिणगी हवी असते. दुसऱ्यांदा तो जळका धूर बाहेर लोटीत येतो, तेव्हा धुराची झडप मिटत असते आणि मिश्रणाची झडप उघडू लागलेली असते. त्या दुसऱ्या माथ्यावर ठिणगी पडली तर पेट घेणारे मिश्रण उघड्या वाटेने कार्बोरेटरात उलटे येते, आणि न जळता बाहेर गेलेले मिश्रण एक्झॉस्टच्या नळीत साठून बार उडवते. खोकला आणि बार, दोन्ही लक्षणे एकाच रोगाची होती.

खात्री करून घेण्याची रीत जुनी आहे आणि तिला उपकरण लागत नाही. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून त्या भोकावर अंगठा दाबून धरायचा आणि दुसऱ्या हाताने इंजिन फिरवायचे. वारा अंगठा ढकलू लागला की दट्ट्या संपीडनाच्या वाटेवर आहे असे समजायचे. मग पुलीवरची खूण दर्शक काट्यासमोर येईपर्यंत सावकाश पुढे जायचे. त्याने तसे केले आणि डिस्ट्रिब्युटरचे झाकण उचलले. आतला रोटर पहिल्या सिलिंडरच्या तारेकडे पाहायला हवा होता. तो नेमका पाठ फिरवून चौथ्या सिलिंडरच्या तारेकडे पाहत होता. एवढ्यावर न थांबता त्याने रॉकरांवरचे झाकणही काढले. चौथ्या सिलिंडरच्या दोन झडपांपैकी एक मिटत आणि एक उघडत होती. पुली किंचित मागेपुढे केली की दोन्ही झोपाळ्यासारख्या हलत. पहिला सिलिंडर ज्वलनाच्या उंबरठ्यावर असतो तेव्हा चौथ्याची अवस्था अशीच असते. शंकेला जागा उरली नाही. डिस्ट्रिब्युटरला फिरवणारी आस इंजिनात अर्ध्या फेऱ्याने उलटी बसली होती.

येथवर ही यंत्राची गोष्ट झाली. पण त्या माणसाच्या दृष्टीने खरा प्रश्न आता सुरू होत होता. आस बसवताना पुलीवरची खूण काट्याशी जुळवल्याचे त्याला लख्ख आठवत होते. वहीत तशी नोंद होती, नोंदीपुढे तारीख होती आणि आसेच्या स्क्रूवर पांढरा ठिपकाही होता. त्याने सर्व पुन्हा वाचले आणि मग त्याला कळले की आठवणीने त्याला फसवले नव्हते. खूण त्याने खरोखरच जुळवली होती. मात्र पुलीवरची ती खूण प्रत्येक फेऱ्यात एकदा काट्यासमोर येते, म्हणजे एका आवर्तनात दोनदा. दट्ट्या माथ्यावर आहे एवढेच ती सांगते, कोणत्या माथ्यावर आहे ते सांगत नाही. आठवणीला जेवढे विचारले गेले होते तेवढे तिने अचूक सांगितले. विचारणेच अर्धे राहिले होते. म्हातारपणाच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाला हा भेद किती दिलासा देणारा असेल, याची कल्पना तरुण वाचकाला कदाचित यायची नाही. विसरणे आणि अपुरे पाहणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलीवर औषध नाही. दुसरी मात्र कोणत्याही वयात होते आणि कोणत्याही वयात सुधारता येते.

आता उपाय दोन होते. पहिला दोन मिनिटांचा : झाकणावरच्या चारही तारा काढून प्रत्येक तार समोरच्या खोबणीत बसवायची. रोटर उलटा आहे ना, मग तारांनाही उलट्या करून टाकायचे. इंजिनाच्या दृष्टीने यात काहीही उणे नाही. योग्य सिलिंडराला योग्य क्षणी ठिणगी मिळते आणि गाडी शंभर वर्षेही तशीच चालेल. दुसरा उपाय तासा-दीड तासाचा : डिस्ट्रिब्युटर काढायचा, त्याची बैठक सोडवायची, आसेच्या माथ्यातील आट्यांत एक लांब बोल्ट फिरवून तिला वर ओढून घ्यायचे आणि सुलटी करून परत बसवायची. तिचे दाते तिरके असतात. आत उतरताना ती आपोआप फिरते, म्हणून जेथे यायला हवी तेथून थोडी अलीकडे धरून सोडावी लागते. एक दाता चुकला तरी पुन्हा आरंभ.

या दोन उपायांतला फरक यंत्राला कळणारा नव्हता. तो कळला असता फक्त माणसाला, आणि तोही अजून न आलेल्या माणसाला. पुढे कधीतरी, पाच वर्षांनी किंवा वीस वर्षांनी, कोणीतरी ही गाडी उघडील. त्याच्या हाती दुरुस्तीचे पुस्तक असेल, पुस्तकात आकृती असेल, आणि आकृतीत पहिल्या सिलिंडरची तार जेथे दाखवली आहे तेथे या गाडीत चौथ्याची तार असेल. तो माणूस पुस्तकावर विश्वास ठेवून तारा ‘नीट’ लावील, आणि चालत असलेली गाडी बंद पाडील. मग एखाद्या संध्याकाळी तोही असाच बाकावर बसून आपल्या आठवणीवर संशय घेईल. चालती गाडी आणि बरोबर जुळलेली गाडी यांत हे अंतर असते. घरे, कायदे आणि दफ्तरे यांतही अशा अनेक तारा आपण सोयीसाठी उलट्या जोडून ठेवतो. काम भागते, आणि त्या जोडणीचे रहस्य जाणणारा माणूस निघून गेला की मागच्यांना कोडे पडते. त्या गृहस्थाने लांब बोल्ट शोधायला घेतला. आस पहिल्या दोन खेपांना एका दात्याने चुकली, तिसऱ्या खेपेस बसली. बसवण्यापूर्वी प्रत्येक वेळी त्याने भोकावर अंगठा ठेवून वाऱ्याला विचारून घेतले होते. ठिणगी माथ्याच्या १० अंश आधी पडेल असा डिस्ट्रिब्युटर फिरवून त्याने आवळला आणि बॅटरीची तार जोडली.

इंजिन पहिल्या सेकंदातच पेटले. त्याने लगेच गती २००० वर नेली आणि घड्याळ पाहिले. पुढची वीस मिनिटे आनंद करण्याची नव्हती. तेलाच्या दाबाचा काटा, पाण्याच्या उष्णतेचा काटा, सांध्यांखाली पसरलेला कोरडा कागद, या तिन्हींकडे आळीपाळीने पाहत तो उभा राहिला. एक्झॉस्टच्या नळीवरचा नवा रंग भाजल्याचा उग्र वास गॅरेजात भरला. कागद कोरडाच राहिला. वीस मिनिटांनी त्याने गती उतरवली, आणि आवाज शांत होताच त्यात लपलेला दुसरा आवाज ऐकू आला : एक बारीक, नियमित टकटक.

हा दुसरा दोष पहिल्याइतका मोठा नव्हता, पण अधिक लबाड होता. रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे झाकणावर फिरवून त्याने आवाजाची जागा नक्की केली. दुसऱ्या दिवशी इंजिन पूर्ण थंड असताना त्या रॉकरची फट मोजली. पुस्तकाप्रमाणे ती ०.०१५ इंच हवी. फीलर गेज बरोबर तेवढीच दाखवत होते. मोजण्याची रीतही शुद्ध होती. या इंजिनात आठ झडपांसाठी नऊचा नियम वापरतात : आठवी झडप पूर्ण उघडी असेल तेव्हा पहिलीची फट मोजायची, सहावी उघडी असेल तेव्हा तिसरीची, बेरीज नेहमी नऊ. मग टकटक कशाची? रॉकर काढून उन्हात धरला तेव्हा उत्तर मिळाले. जुनाच पुन्हा वापरलेला तो रॉकर झडपेच्या शेंड्यावर घासून खोलगट झाला होता. गेजची सपाट पट्टी त्या खळग्यावर पुलासारखी आडवी राहत होती. पट्टीखालची पोकळी मापात येतच नव्हती. माप खरे होते, आणि फट त्याहून मोठी होती. पुलीच्या खुणेने शिकवले तेच रॉकरने पुन्हा शिकवले, जरा हलक्या आवाजात.

अशा गाड्यांकडे पाहून लोक म्हणतात की जुना काळ जपून ठेवला आहे. ते फारसे खरे नाही. एमजीबीचे संपूर्ण पोलादी शरीर १९८८ पासून इंग्लंडमध्ये नव्याने तयार करून मिळू लागले. म्हणजे इंजिन, चाके आणि शरीर सारेच बदललेली आणि तरीही ‘तीच’ म्हणवणारी गाडी शक्य झाली. ब्रिटनमध्ये शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री १९९९ अखेर थांबली आणि भारतात ते फेब्रुवारी २००० पासून बंद झाले. झडपांच्या मऊ बैठकांना त्या शिशाचे संरक्षण होते. म्हणून आज बांधल्या जाणाऱ्या इंजिनात कठीण धातूच्या बैठका घालतात. २०२१ मध्ये ब्रिटनच्या नेहमीच्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आले, आणि जुन्या रबरी नळ्यांना ते सोसत नाही म्हणून नळ्याही बदलाव्या लागल्या. जुने इंजिन बांधणे म्हणजे भूतकाळात परत जाणे असते, तर यांपैकी काहीच करावे लागले नसते. वास्तविक ते वर्तमानाशी नव्याने केलेले करारपत्र असते. अॅबिंग्डनमध्ये ज्यांनी ही गाडी पहिल्यांदा जुळवली, नंतर ज्यांनी ज्यांनी ती उघडली, त्या सर्वांच्या अटी त्यात उतरलेल्या असतात आणि काही ओळी पुढच्यासाठी कोऱ्या सोडलेल्या असतात.

गाडीच्या समोरच्या कप्प्यात आता त्याची ती वही असते. डिस्ट्रिब्युटरच्या पानावर ‘खूण जुळवली’ ही जुनी नोंद त्याने खोडलेली नाही. तिच्याखाली वेगळ्या शाईने एक ओळ लिहिली आहे : खुणेवर थांबू नये, पहिल्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून पाहावे. त्यानंतरच्या पानावर कोणत्या झडपेचा रॉकर बदलला, कधी बदलला आणि जुना का टाकला, हे लिहिले आहे. वहीची पुढची बरीच पाने कोरी आहेत.